क्लबचं उन्हाळी शिबिर आणि मुलांचं फुटबॉल प्रशिक्षण: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात. आधी काही वर्षं मी कुंपणाबाहेर आई म्हणून उभी असायचे, आता नोंदणीच्या टेबलामागे बसते. त्यामुळे हे प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ओळखीचे आहेत. व्यावसायिक क्लब जी शिबिरं आणि वर्ग चालवतात, त्यांच्याबद्दलची ही उत्तरं आहेत. नियम देशागणिक वेगळे असतात, तिथे तसं लिहिलं आहे.

१. शिबिर, साप्ताहिक वर्ग, डेव्हलपमेंट सेंटर, अकादमी: सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मे गैरसमज इथेच होतात. शिबिर म्हणजे सुट्टीतले चार-पाच दिवस. पैसे भरले की कुणालाही प्रवेश. साप्ताहिक वर्ग वर्षभर चालतो, आठवड्यातून एक-दोनदा, आणि तोही बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खुला असतो. डेव्हलपमेंट सेंटरला बोलावणं यावं लागतं किंवा छोटी चाचणी द्यावी लागते. अकादमी ही क्लबची स्वतःची शाळा. तिथे क्लब मुलाला निवडतो, त्याची नोंदणी करतो आणि दरवर्षी किंवा दोन वर्षांनी ठेवायचं की सोडायचं ते ठरवतो. इंग्लंडमध्ये ही नोंदणी ९ वर्षांखालील गटापासून सुरू होते.

पहिल्या दोन गोष्टी क्लबसाठी उत्पन्न आणि लोकसंपर्काचा भाग असतात. यात वाईट काही नाही, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं. शर्ट चारही ठिकाणी सारखाच मिळतो, म्हणून घोटाळा होतो.

२. कितव्या वर्षी पाठवावं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या दिवसाचं शिबिर पुरतं. पूर्ण दिवसाचं सातच्या पुढे, आणि राहण्याचं शिबिर मूल एकदा तरी आई-बाबांशिवाय बाहेर राहून आलं असेल तरच. वयापेक्षा तीन गोष्टी बघा: स्वतः शौचालयात जाता येतं का, डबा स्वतः खाता येतो का, अनोळखी मोठ्या माणसाला ‘मला लागलंय’ असं सांगता येतं का.

३. आमच्याकडे अजून कुणी फुटबॉलला पायही लावलेला नाही. चालेल?

चालेल. खुल्या शिबिरात गट आधी वयाप्रमाणे आणि मग पहिल्या सकाळचा खेळ बघून पाडतात. फॉर्मवर ‘नवीन’ लिहायला लाजू नका. ‘मध्यम’ लिहिलेलं मूल दोन दिवस दमछाक करत राहतं आणि त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

४. क्लबचे खेळाडू स्वतः शिकवतात का? नाहीतर शिकवतं कोण?

पहिल्या संघातले खेळाडू बहुधा एखाद्या दिवशी येतात, सह्या देतात, फोटो काढतात आणि जातात. उन्हाळा हा त्यांच्याही सुट्टीचा किंवा हंगामपूर्व सरावाचा काळ असतो. जाहिरातीत खेळाडूचा फोटो आहे म्हणजे तो येणारच, असं धरू नका.

शिकवतात ते क्लबच्या सामाजिक किंवा युवा विभागाचे प्रशिक्षक. त्यांचे परवाने खंडाच्या फुटबॉल महासंघाचे असतात, युरोपात युएफाचे, आशियात एएफसीचे, आणि दोन्हीकडे सी, बी, ए, प्रो अशी चढती पायरी असते. लहान मुलांसाठी सी पुरेसा आहे. प्रो परवानावाला सहा वर्षांच्या मुलांत गोंधळून जाताना मी पाहिलाय.

मोठ्या क्लबच्या नावाने दुसऱ्या देशात भरणारं शिबिर असेल, तर जास्त सावध राहा. तिथे अनेकदा नाव क्लबचं असतं आणि चालवणारी संस्था परवाना घेतलेली स्थानिक कंपनी असते. ती चांगलीही असू शकते. पण कधीकधी नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीन प्रश्न विचारा: क्लबकडून प्रत्यक्ष किती जण येणार, ते सगळे दिवस मैदानावर असणार का, आणि एका प्रशिक्षकामागे मुलं किती. दहा-बाराच्या वर आकडा गेला, तर कारण विचारा.

५. दिवसभर नेमकं करून काय घेतात?

सकाळी पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअप. चांगल्या ठिकाणी तो फिफाच्या ‘११ प्लस किड्स’ कार्यक्रमावर बेतलेला असतो: एका पायावर तोल, उड्या, पडायचं कसं. युरोपातल्या चार देशांत त्याची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. तो नियमित करणाऱ्या मुलांच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या होत्या.

मग चेंडूवरचं काम, दुपारी जेवण आणि सावली, आणि शेवटी छोटे सामने. छोटे म्हणजे खरंच छोटे, तीनास तीन किंवा चारास चार. ‘अकरा-अकरांचा सामना कधी?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. इंग्लंडमध्ये अकरांचा खेळ बारा-तेराव्या वर्षाआधी सुरू होत नाही. अमेरिकेतही ११-१२ वर्षांची मुलं नऊ-नऊ खेळतात. मोठ्या मैदानावर आठ वर्षांचं मूल दहा मिनिटं चेंडूच्या मागे पळतं आणि दोनदा पोचतं.

एक प्रसंग सांगते. नऊ वर्षांची एक मुलगी चेंडू छान नेत होती, पण मान खाली. प्रशिक्षकाने ‘वर बघ’ असं एकदाही म्हटलं नाही. तो सगळ्यांच्या समोर उलट्या पावलांनी चालत राहिला आणि हाताची बोटं वर करत गेला. मुलांनी चेंडू नेता नेता आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी ती शेजारच्याचं ऐकून ओरडत होती. गुरुवारी सगळ्यांच्या आधी ओरडायला लागली.

६. कुंपणाबाहेरून बघून शिबिर चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

रांगा बघा. एका ठिकाणी मी चौदा मुलं दोन चेंडूंमागे गोलवर किक मारायला रांगेत उभी पाहिली. दहा मिनिटांत त्यातल्या एका मुलाला तीन किक मिळाल्या. उरलेला वेळ तो बुटाच्या टोकाने गवत उपटत होता. प्रशिक्षक मात्र जोरजोरात टाळ्या वाजवत होता, त्यामुळे बाहेरून सगळं झकास दिसत होतं.

तुम्ही एकच मूल निवडा, आपलं नको, कुणाचंही. दहा मिनिटं त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते मोजा. शंभराच्या आसपास असेल तर निश्चिंत घरी जा. हा काही शास्त्रीय आकडा नाही, माझा स्वतःचा ठोकताळा आहे.

७. सोबत काय द्यायचं?

शिनगार्ड (नडगीवरची ढाल) हवेतच आणि ते मोज्याच्या आत पूर्ण झाकलेले हवेत, खेळाचा नियमच आहे. कानातलं, साखळी, दोरा, कडं सगळं घरी ठेवा. वर चिकटपट्टी लावली तरी नियमात बसत नाही. कान नुकतेच टोचले असतील तर शिबिराआधी नाही, नंतर टोचा.

बूट मैदानाप्रमाणे. कृत्रिम गवतावर आखूड आणि पुष्कळ खुंट्यांचे. धातूचे स्टड तिथे चालत नाहीत. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेऊ नका. पाय आत सरकतो, फोड येतात आणि बुधवारी मूल बाकावर बसतं. नवे बूट असतील तर आठवडाभर आधी घरात घालू द्या.

चेंडू क्लब देतो. घरी सरावाला घ्यायचा असेल तर सात वर्षांपर्यंत ३ नंबर, ८ ते १२ साठी ४ नंबर (घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर) आणि त्यापुढे ५ नंबर (घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम). बाकी पाण्याची मोठी बाटली, टोपी, सनस्क्रीन आणि सुके मोजे. प्रत्येक वस्तूवर नाव, बाटलीच्या झाकणावरसुद्धा.

८. मुलीसाठी मिश्र गट बरा की फक्त मुलींचा?

दहा-अकरा वर्षांपर्यंत शरीराने फारसा फरक नसतो, त्यामुळे दोन्ही चालतात. मात्र पहिल्यांदा येणारी मुलगी मिश्र गटात एकटीच असेल, तर तिला चेंडू कमी मिळतो. मुलगे मुद्दाम करतात असं नाही, पण होतं. नोंदणी करताना ‘गटात मुली किती?’ एवढं विचारा. मैत्रीण सोबत असेल तर प्रश्न १३ पाहा.

९. हेडिंग (चेंडू डोक्याने मारणं) शिकवतात का? डोक्याला धोका नाही ना?

लहान गटात शिकवत नाहीत, शिकवू नये. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंत हेडिंगला बंदी आहे आणि ११ ते १३ या वयात फक्त सरावात, मोजकं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी २०२० मध्ये ११ वर्षांखालील मुलांच्या सरावातून ते काढलं. तुमचं मूल घरी येऊन ‘आज वीस हेडर मारले’ म्हणालं आणि ते आठ वर्षांचं असेल, तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. डोक्याला मार बसला तर काय करायचं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. त्याला फक्त गोलकीपरच व्हायचंय.

वेगळं गोलकीपर शिबिर असतं, सहसा दहाच्या पुढे. त्याआधी सगळ्या जागांवर खेळू द्या. आता गोलीलाही पायाने पास द्यावे लागतात. हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून आणू दे. ते काढायला लावले की रुसवा ठरलेला.

११. शिबिरातून अकादमीत निवड होते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी स्पष्ट उत्तर मिळणारा प्रश्न. स्पष्ट उत्तर असं: जवळपास कधीच नाही. प्रशिक्षक एखादं मूल बघून वरच्या विभागाला कळवतात, हे खरं. त्याला चाचणीला बोलावतातही. पण क्लबचे स्काउट मुलं शोधतात ती शनिवार-रविवारच्या नियमित सामन्यांत, शाळांत आणि स्थानिक लीगमध्ये. तिथे हरत असताना मूल कसं वागतं ते दिसतं, शिबिरात सगळे मजेत असतात.

‘आमच्या शिबिरात निवडीची संधी’ असं छापलेलं असेल, तर मागच्या वर्षी किती मुलांना चाचणीला बोलावलं ते विचारा. आकडा सांगत नसतील तर तो शून्य धरा.

बघणारे बघतात तरी काय? नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबने पूर्वी ठरवलेली चौकट अजून वापरात आहे: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व, वेग. यातल्या समजेवर पालकांचं लक्षच नसतं. चेंडू येण्याआधी मूल मान वळवून मागे बघतं का? चाचणीला तीन जणांना कट मारणाऱ्यापेक्षा असं मूल जास्त लक्षात राहतं.

आणि नाकारलं गेलं तर? इंग्लंडचा नावाजलेला खेळाडू हॅरी केन, त्याला आर्सेनल क्लबने तो आठ-नऊ वर्षांचा असताना सोडलं. फ्रान्सच्या ग्रीझमनला तिथल्या क्लबांनी तो लहान चणीचा म्हणून घेतलं नाही. चौदाव्या वर्षी तो स्पेनला रेआल सोसिएदाद क्लबकडे गेला. इंग्लंडच्याच जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडे क्लबने सोडलं आणि २०१६ मध्ये तो लेस्टरकडून तिथली प्रीमियर लीग जिंकला. मात्र ही नावं लक्षात राहतात ती मोजकी आहेत म्हणून. मुलाला ती नाकारल्याच्या दिवशी ऐकवू नका. त्या दिवशी त्याला जेवू द्या आणि झोपू द्या.

१२. मुलाचा जन्म वर्षाच्या शेवटचा. गटात तो सगळ्यात छोटा दिसतो. अन्याय नाही का?

आहे, आणि त्याला नावही आहे: सापेक्ष वयाचा परिणाम. १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीवर रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला. निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलेच फार होते. फुटबॉलमध्येही तेच दिसतं. फिफाच्या वयोगटांची रेषा १ जानेवारीला आहे, तर इंग्लंडच्या शालेय वर्षाची १ सप्टेंबरला. म्हणजे तिथे तोटा जुलै-ऑगस्टच्या मुलांना. आठ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा नववा हिस्सा.

काही अकादम्या आता जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून सामने खेळवतात. खुल्या शिबिरात एवढं होत नाही, पण ‘त्याला एक गट खाली ठेवता का?’ असं विचारता येतं. आम्ही नेहमी हो म्हणतो. वरच्या गटासाठी मात्र सहसा नाही म्हणतो, त्याचं कारण पुढच्याच उत्तरात.

१३. मित्राच्याच गटात, किंवा एक गट वर टाकता का?

मित्रासोबत ठेवतो, वयात एका वर्षाचाच फरक असेल तर आणि दोघांच्याही फॉर्मवर एकमेकांचं नाव असेल तर. एकतर्फी मैत्रीचा घोळ दरवर्षी होतो.

वरच्या गटात फक्त प्रशिक्षक टाकतात, पहिल्या दिवसानंतर. खेळात मूल पुढे असलं तरी बारा वर्षांच्या धक्क्याला नऊ वर्षांचं हाड तयार नसतं.

१४. तो आधीच दुसऱ्या क्लबकडून खेळतो. शिबिराला येऊ शकतो? लागोपाठ दोन आठवडे?

येऊ शकतो. खुलं शिबिर म्हणजे नोंदणी नव्हे, त्यामुळे त्याच्या क्लबला हरकत नसते. अपवाद एकच: मूल दुसऱ्या व्यावसायिक क्लबच्या अकादमीत असेल तर आधी तिथे लेखी विचारा. काही करारांत बाहेरच्या प्रशिक्षणावर बंधन असतं.

लागोपाठ आठवड्यांबद्दल मी हात आखडता घेते. क्रीडावैद्यकातला सोपा ठोकताळा असा: वय जितकी वर्षं, आठवड्याला त्याहून जास्त तास संघटित सराव नको, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. नऊ वर्षांच्या मुलाचं पाच दिवसांचं, रोज पाच तासांचं शिबिर या हिशोबात बसतच नाही. त्यातला बराच वेळ खाण्यात, पाण्यात आणि दंग्यात जातो म्हणून एक आठवडा निभतो. त्याच आठवड्यात संध्याकाळी क्लबचा सराव नको आणि पुढचा आठवडा मोकळा ठेवा. एका शिबिरात सगळं यावं असं वाटणाऱ्यांसाठी आपल्याकडे म्हण आहेच: पी हळद नि हो गोरी.

१५. टाच किंवा गुडघा दुखतो म्हणतो. आळस की खरंच? आणि डोकं आपटलं तर?

खरंच, असंच धरा. साधारण ८ ते १४ या वयात टाचेमागे दुखणं (सेव्हर्स) आणि थोड्या मोठ्या मुलांत गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणं (ऑसगुड-श्लॅटर) ही वाढीच्या वयातली नेहमीची दुखणी आहेत. स्नायू ओढतात ती हाडाची जागा अजून वाढत असते. उपाय विश्रांती आणि कमी धावणं. लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, शिबिराला पाठवू नका.

डोक्याला मार बसला आणि मूल गोंधळलं, ओकलं, डोकं दुखतं म्हणालं किंवा नुसतंच ‘वेगळं’ वाटलं, तर त्या दिवशी खेळ बंद. ‘पाच मिनिटं बसून बघू’ नाही. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा झोप आवरेना झाली, तर थेट रुग्णालय. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे कन्कशननंतर (मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर) किमान २१ दिवस स्पर्धात्मक सामना नाही. म्हणजे शिबिराचे उरलेले दिवस गेलेच. पैशांचं पुढच्या उत्तरात.

१६. ऊन, पाऊस, आजारपण: पैसे परत मिळतात का?

पावसात खेळ चालू राहतो. विजेत नाही: शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास सगळे छपराखाली. कडक उन्हात वेळ पहाटेकडे सरकवतात. हवामानामुळे तास बुडाले तर बहुतेक क्लब पैसे देत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उरलेल्या दिवसांची रक्कम किंवा पुढच्या शिबिराची जागा देतात. हे भरताना वाचायचं असतं, भांडताना नाही.

१७. मुलं सुरक्षित असतात का? मी काय विचारावं?

विचारा: प्रत्येक प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासली आहे का, बालसुरक्षेची जबाबदारी कुणाकडे आहे आणि तो माणूस शिबिराच्या जागी असतो का, मूल घ्यायला कोण येणार याची यादी ठेवतात का. मोठं माणूस आणि मूल एकटे कधीही बंद खोलीत नसावेत, आणि प्रशिक्षकाने मुलाला खासगी मेसेज करू नये. या प्रश्नांनी कुणाला राग आला, तर तेच तुमचं उत्तर.

दमा, अ‍ॅलर्जी, फिट्स हे फॉर्मवर लिहा. पंप दप्तराच्या तळाशी नको, गटाच्या प्रशिक्षकाच्या हातात द्या.

१८. फॉर्मवर सही केली की मूल त्या क्लबचं होतं का? पुढे मोठा खेळाडू झाला तर?

नाही. फिफाच्या नियमांप्रमाणे पुढे दुसऱ्या क्लबने पैसे मोजून खेळाडूला घेतलं, तर भरपाईच्या रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. पण त्यात १२ ते २३ या वयात त्याची नोंदणी ज्या क्लबांकडे होती तेच येतात. शिबिराचा आठवडा त्यात धरत नाहीत. फॉर्मवर खरं वाचायचं कलम फोटो आणि व्हिडिओच्या परवानगीचं. ती नाकारता येते आणि तरीही प्रवेश मिळायला हवा.

१९. शिबिरात एकाने सांगितलं, ‘पैसे भरा, परदेशी क्लबमध्ये ट्रायल लावतो’. खरं असेल?

पैसे भरू नका. फिफाच्या खेळाडू नोंदणी नियमांतल्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद थोडे: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, १६ ते १८ वयाचा खेळाडू युरोपीय संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील. आणखी एक-दोन आहेत, पण ‘आमची ओळख आहे’ हा त्यांत नाही. ज्याने सांगितलं त्याचं नाव क्लबच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला कळवा (प्रश्न १७).

२०. दुसऱ्या दिवशीच ‘मला नाही जायचं’ म्हणतो. ढकलून पाठवू का?

आधी कारण काढा, आणि ‘का?’ असं थेट विचारून ते निघत नाही. गाडीत, पुढे बघत विचारा: ‘आज पाणी प्यायला कुणाशेजारी बसला होतास?’ बहुतेक वेळा कारण फुटबॉलचं नसतंच. एक सात वर्षांचा मुलगा मंगळवारी येईनाच. आईने दोन दिवस समजूत घातली, मग कळलं की बुटाची लेस सुटली की त्याला परत बांधता येत नव्हती आणि प्रशिक्षकाला सांगायची लाज वाटत होती. सोमवारी दिवसभर तो लेस बुटात खोचून खेळला होता.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर ‘लेस स्वतः बांधता येते का?’ असा रकाना आहे. लोक हसतात, पण भरतात.